गाडीचा उंबरठा

मोरकमला समुद्र घरात येत नाही,
पण त्याचं मीठ येतं.
बिजागऱ्यांत, सायकलच्या साखळीत,
आणि शेजारच्या एंटविसल आजोबांकडून
दोनशे पौंडांना घेतलेल्या
माझ्या पंच्याऐंशी सालच्या ऑस्टिन माएस्ट्रोत.

वार्षिक तपासणीत नापास.
कागदावर अकरा दोष, आणि गॅरेजवाल्याचा आकडा
गाडीच्या किमतीच्या सातपट.
मी स्वतःला म्हटलं, वीस वर्षं तू लोकांच्या
अक्कलदाढा काढतेस, बाई,
एक बोल्ट निघणार नाही तुझ्याच्यानं?

नाही निघाला.

पाना बसला, पाना सरकला, तीन बोटं सोलली.
मग त्या बोल्टाचे सहाही कोपरे झिजून
तो बोरासारखा गोल झाला.
तिसऱ्या रविवारी पाऊस होता,
म्हणून दारातूनच शिव्या दिल्या.

व्हिडिओतला माणूस म्हणतो,
आता हा बोल्ट काढून घ्या,
आणि पुढच्याच क्षणी बोल्ट त्याच्या तळहातावर.
मधलं त्यानं कापून टाकलंय.
मी महिनाभर त्या कापलेल्या तुकड्यात राहतेय.

गाडीखाली पाठीवर पडलं की डावं उजवं होतं.
सैल करतेय समजून
अर्धा तास घट्ट करत होते.
वर दिवा, खाली मी आडवी, तोंड उघडं,
आणि तोंडात गंजाचा भुगा.
दुखलं तर हात वर करा,
असं मी रोज चौदा जणांना सांगते.
इथे कुणाला दाखवणार हात?

मिरजेहून आईचा फोन.
तिकडे मेकॅनिक मिळत नाहीत का गं?
मिळतात, आई.
म्हणूनच.

मग दाराखालचा उंबरठा.
वरून पांढरा, तुकतुकीत, हसरा.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टोचत गेले,
टक, टक, टक,
आणि मग, थप.
हा आवाज मला ओळखीचा आहे.
तो आला की पेशंटशी मी हळू आवाजात बोलते.

रंगाखाली लांबीचा जाड थर,
थराखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी,
जाळीमागे कोंबलेलं वर्तमानपत्र,
ओलं, तपकिरी, आणि त्यात
निळ्या शाईनं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.

कुंपणावरून आजोबा बघत होते.
चष्मा पुसून म्हणाले, अक्षर मेव्हिसचं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, आडवा चौदावा चुकलाय.

त्या वर्षी काम सुटलं होतं त्यांचं.
रविवारी कागद भरला, रंग मारला,
सोमवारी गाडी पास.
एकोणतीस वर्षं टिकलं, म्हणाले,
लाजून की ऐटीत, कळलं नाही.

मला रागवायचं होतं. दोनशे पौंड!
पण माझं एकही फिलिंग
एकोणतीस वर्षं टिकलेलं नाही.
कागद दुमडून त्यांच्या हातात दिला.

ते घरी गेले, आणि आले ते
टॉफीच्या डब्यात नट, वॉशर,
आणि हातभर लांबीचा पाना घेऊन.
म्हणाले, आधी किंचित घट्ट कर,
मग सैल होतो. नेहमी.

किंचित घट्ट केला.
कर्र झालं.
हलला! मी ओरडले. आजोबाही ओरडले.
पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं ओरडलं.

बोल्टाचं डोकं माझ्या हातात होतं.
बाकीचा आत.

आजोबा टॉफीचा डबा बंद करून
चहाच्या वेळेबद्दल काहीतरी पुटपुटले.
मी मात्र तिथेच पडून राहिले,
दिवा तोंडावर,
एकदम शांत.
कारण मूळ आत राहिलं की काय करायचं,
ते मला येतं.

सोमवारी, शेवटचा पेशंट गेल्यावर,
ड्रिलच्या ट्रेकडे मी
गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ बघत होते.
नर्सनं विचारलं, काही हवंय का?
नाही, म्हटलं.
आणि ॲप्रनचा खिसा चाचपला.