दाब

एकतीस वर्षं कुल्डीगाच्या टपाल कचेरीत
स्कैद्रीतेचा हात बसला होता: ठक्, ठक्,
पाकीट सरकव, पुढचं घे.

म्हणून पहिली पिओनी फुटली.
पाकळ्यांचा नुसता चिखल,
भोवती रबराच्या कडेचा चौकोनी डाग.

शेजारची एल्झा हसली नाही. म्हणाली,
मारू नका. टेकवा.
तीन मोजा. सरळ उचला.

टेकवला. एक, दोन,
बाहेर व्हेंटा नदीवर कुणीतरी बर्फ फोडत होतं,
तीन.

शाई न लावता तोच ठसा पुन्हा:
जेमतेम उमटलेलं फूल, टाकून द्यावं असं.
तेच मागं चिकटवलं,
पुढच्याला खोली आली.
मग पाण्याचा फवारा. निळी शाई ओघळत
जुन्या मनिऑर्डरच्या रकान्यांत शिरली,
पाठवणाऱ्याच्या नावापाशी थबकली.

देठ राहिला.
एल्झाच्या डब्यात देठाचा ठसाच नव्हता.
स्कैद्रीतेनं फडताळातून तारखेचा शिक्का काढला,
कचेरी बंद झाली त्या दिवसावर अडकलेला.
हिरव्या शाईत बुडवून
कागदाच्या तळापासून वर उमटवत गेली
तीच तारीख, तीच, तीच,
थेट फुलाच्या गळ्यापर्यंत.

हे मात्र ठकाठक,
न मोजता.