हजेरी

घोडपदेवच्या रात्रशाळेत
भिंतीवरचा नकाशा नेमका तिथेच फाटलाय
जिथे सध्या लढाई चालू आहे.
सुगंधा तांबे, वय चौतीस, इयत्ता आठवी,
फाटक्या जागी बोट ठेवून म्हणाली होती,
सर, ही एवढीशी चिंचोळी खाडी,
हिच्यापायी आमच्या पोळीभाजी केंद्रातल्या दोन शेगड्या बंद?

मी अपूर्णांक शिकवत होतो.
ती हसली. हे येतं मला, म्हणाली.
मालकीण रोज सांगते,
पोळी तेवढीच दिसली पाहिजे, कणीक पाऊण.

मग सिलिंडर आणखी चढला.
तिला पहाटेसोबत रात्रीचीही पाळी लागली,
पगार तोच.
तिची मुलगी दिवसाची शाळा सोडून
धाकट्याला सांभाळायला घरी.
एका घरातल्या दोन पाट्या
एकदम पुसल्या गेल्या;
बातम्यांत त्या रात्री
पाडलेल्या विमानांचा आकडा होता.

काल नाक्यावर भेटली, मनगटाला पीठ.
"सर, नाव तेवढं काढू नका.
लढाई काय, संपेलच की कधीतरी."

तिसरा बाक, खिडकीकडचा.
तिच्या नावापुढे
मी रोज पेन्सिलीने एक टिंब ठेवतो.
शाईने काय लिहायचं
ते अजून ठरत नाही.