चकोल्या

वीज गेलीय, म्हणून आज पेठेत ऐकू येतंय :
नळाचा थेंब, कुणाचा खोकला, नरसम्माचं लाटणं.
बाकावर आम्ही तिघं,
तिघांच्याही भुवयांत रात्रपाळीचा कापूस.

आमटी उकळते.
ती कणकेच्या पट्ट्या एकेक करून सोडते,
घाई नाही. घाईचं यंत्र बंद आहे.

वाडगा हातात येतो तेव्हा आधी चटका, मग वास.
आमसूल, लसूण, वर शेंगाचटणी
चिमूटभर नव्हे, मूठभर.
"तेल सोड की जरा," शेजारचा अंबादास म्हणतो.
ती तेलुगूत काहीतरी पुटपुटते
आणि सोडते.

मग कुणीच बोलत नाही.
फुंकर, भुरका, फुंकर.
नाक वाहिलं तर बाहीला पुसायचं,
इथं त्याची लाज नसते.

तळाला एक पट्टी चिकटून बसलेली.
ओढली, लांबली, आणखी लांबली,
तुटली.
माझी दोन बोटं आपसूक
तुटलेली टोकं जुळवायला गेली.

नरसम्मा बघत होती.
"खा रे," म्हणाली, "ते सूत न्हवं."

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत
एक माग खट्ट करून जागा झाला.
तिघांनीही वाडगे तोंडाला लावले.