माकवाला बाईंचा डबा

माकवाला बाई डबा घेऊन आल्या ढकलगाडीतून,
बटाट्याच्या पिशवीशेजारी, शालीत गुंडाळून.
कुतायसीत चढ पुष्कळ. धाप टाकत म्हणाल्या,
"खरं सांग लेवान, जगवायचा की टाकायचा?"

पत्रा उघडला.
पंख्यात मांजरांचे केस, चार मांजरांचे,
त्यातली दोन आता नाहीत.
अक्रोडाचं अर्धं टरफल, कुठून शिरलं देव जाणे.
बोर्डावर तीन कपॅसिटर पोट फुगवून बसलेले,
आणि सेल मेलेला:
केव्हाही सुरू करा, हा आपला म्हणतो,
आज एक जानेवारी, दोन हजार आठ.

पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला.
दुरुस्ती एकशे दहा लारी, हमी नाही.
वापरलेला दुसरा अडीचशेला, सहा महिन्यांच्या बोलीवर.
पोलंडहून मुलगा नवाच पाठवतोय, फुकट.
दुरुस्तीवरच माझं पोट,
तरी म्हणालो, "बाई, मुलाचं ऐका."

त्या आकड्यांकडे बघतच नव्हत्या.
पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या,
"याच्या लेखी तो ऑगस्ट अजून यायचाय,"
आणि शाल झटकून घडी घालू लागल्या.

कपॅसिटर बदलले. केस काढले.
सेल दोन लारीचा. खणातच राहू दिला.
तारीख चुकली की बँकेचं पान उघडत नाही,
एवढं मात्र दोनदा बजावलं.
"बँकेत माझं आहेच काय," म्हणाल्या,
आणि टरफल परत मागितलं.