अपवाद

घणसोलीच्या संध्याकाळच्या कॉलेजात
एफ.वाय.च्या वर्गात सगळ्यात मोठी मी, एकेचाळीस.
बाकीचे माझ्या भार्गवीच्या वयाचे,
मला काकी म्हणतात आणि पेन मागतात.

देवरुखकर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
स्वल्पविराम म्हणजे स्टॉप. बस थांबते, तुम्ही बसून राहा.
पूर्णविराम म्हणजे डेपो. सगळ्यांनी उतरायचं.
माझ्या पानावर डेपोच नव्हता.
एकच वाक्य, पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत,
"आणि"ला "आणि" बांधून ओढत आणलेलं.

"पानी" लिहिलं तिथे न भोवती लाल गोल.
आमच्या गावठाणात पानीच येतं, मॅडम,
तेही साडेपाच ते सहा.
पण ण साठी जीभ मागे वळवावी लागते,
म्हणून भांडी घासताना सराव केला:
पाणी, लोणी, कोण, आपण.
सासूबाईंनी आतून दोनदा विचारलं, कोनाशी बोलतेस गं?

दुसऱ्या निबंधात डेपोच डेपो.
उठले. पंप लावला. भाकऱ्या केल्या. डबे भरले.
सासऱ्यांना इन्सुलिन टोचलं. रबाळ्याची कंपनी गाठली.
गोळ्यांची पाकिटं मोजली, बाराशे.
समासात लाल शाईत एकच शब्द:
कर्ता?

मॅडम, मीच की. दुसरं कोन करनार?
दोन्ही न त्यांनी ऐकले, सोडून दिले.
म्हणाल्या, परीक्षकाला तुमचं घर माहीत नसतं.

त्या रात्री एकेका वाक्यापुढे "मी" बसवला.
सव्वीस भरले.
मोजल्यावर लाजच वाटली,
बाईमाणसाने मी मी करू नये असं ऐकत वाढलेली मी.
(सत्ताविसावा.)

मार्चमध्ये प्रयोग आले.
फळ्यावर मॅडमनी माझंच स्वयंपाकघर मांडलं:
मी भात केला. मी भाजी केली. मी वरण केलं.
बघा, म्हणाल्या, क्रियापद कुणाचं ऐकतंय?
भाताचं ऐकतंय. भाजीचं ऐकतंय.
वरणाचंसुद्धा लिंग विचारून घेतंय.
करणारीकडे ढुंकून नाही.
याला कर्मणी म्हणतात.
नाव आज कळलं, ओळख जुनी.

वहीच्या मागच्या पानावर गुपचूप लिहून बघितलं,
यांनी भात केला. यांनी भाजी केली.
केला तसाच राहिला, केली तशीच.
एक काना हलला नाही, एक मात्रा नाही.
मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, शुद्ध आहे.
म्हटलं, शुद्ध आहे हो, पण खोटं आहे.
मॅडम अशा हसल्या की खडू हातातून सुटला
आणि मागच्या बाकावरचा तन्मयसुद्धा जागा झाला.

थांबा, अपवाद राहिले, त्या म्हणाल्या.
पोरं दप्तरं भरत होती, आठची बस चुकली असती,
कुणाचा तरी फोन बाकाखाली थरथरत होता.
काही क्रियापदं कर्म असूनही
भूतकाळात कर्त्याचा हात सोडत नाहीत.
यादी छोटी आहे, लिहून घ्या.
पिणे. विसरणे. बोलणे. शिकणे.
मी एकटीने लिहून घेतलं.

बसमध्ये खिडकीशी बसून
बाटलीतून घोट घेतला आणि मनात म्हटलं,
मी पाणी प्यायले.
प्यायलं नाही. प्यायले.
कोपरखैरणेपर्यंत तेच.
मी डबा कंपनीत विसरले. (खरंच विसरले होते.)
मी खरं बोलले.

परीक्षेत निबंधाला तीन विषय होते,
कुठला घेतला ते आता आठवत नाही,
पहिलं वाक्य आठवतं.
मी व्याकरण शिकले.
व्याकरण नपुंसकलिंगी आहे, मला माहीत आहे.
तरी इथे "शिकलं" लिहिलंत
तर चूक धरतात,
अर्धा मार्क जातो.