कंदील खाली सोडून

अकरावीच्या फॉर्मवर सन्मतीनं
एसपी खोडून गणित लिहिलं, पेनानंच.
आवटी सर म्हणाले, कॉमर्सला गणित कशाला घेतीस?
एसपीला मार्क पडतात.
ती म्हणाली, सर, दोन वर्षांनी लागणार आहे.

दोन वर्षांनी!
मी मार्केट यार्डात दिवाणजी, हळदीच्या अडतीवर, तेवीस वर्षं.
आमच्याकडं दोन वर्षांनी म्हणजे
बघू.

घरी आल्यावर तिनं दुकानाचंच कॅलेंडर पालथं घातलं
आणि परीक्षेच्या मे महिन्यापासून मागं मागं मोजत आली :
मे, एप्रिल, मध्ये बारावीची बोर्ड,
फॉर्म, फोटो, फी, उत्पन्नाचा दाखला,
त्याच्या मागं रोज वीस गणितं, रोज एक उतारा.
दोन्ही ऑगस्टांत एकेक चौकोन मोकळा.
त्यात नुसतं लिहिलेलं : पाणी.
पाणी म्हणजे काय गं?
आप्पा, आयर्विनखाली चाळीस फुटांच्या वर गेलं
की आपण मामाकडं जाणार, वह्या माळ्यावर.
दहा दिवस धरून चाललेत मी.

गावभागात जन्म गेला माझा,
पुराला कुणी असा रकाना दिलेला पाहिला नव्हता.

रात्री जेवताना ती कोडी घालते.
आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत,
अमुक तमुकच्या शेजारी नाही, तिसरा समोर नाही.
हे मला येतं.
सौद्याला चौगुले शहांच्या शेजारी उभे राहत नाहीत,
एका पोत्यावरून बिनसलंय, बारा वर्षं झाली,
आणि मुल्लाशेठ कायम दाराकडं तोंड करून.
मी भाकरीचा तुकडा हातात धरून सांगितलं, पाचवा उत्तरेला.
पाचवाच होता.
इंग्रजी उतारा मात्र तिची आई ऐकते, तव्यापाशी.
प्रूडंट म्हणजे?
हातचं राखून वागणारा.
म्हणजे तुझे आप्पा, ती म्हणाली,
आणि भाकरी उलटली.

रविवारी मिरजेहून तबस्सुम मुजावर येते,
दोघींत एकच जाड पुस्तक, मधून शिवण सुटलेलं.
तबस्सुम इंदूरचं नाव काढत नाही,
इथल्याच बीबीएची सीईटी देणार म्हणते.
पण पेपर दोन्ही सोडवते,
आणि वेळ लावून सोडवते.

पहिल्या सराव पेपरात सन्मतीला
शंभरातले एकोणीस.
चुकलेल्याचे कापून एकोणीस.
ती जेवली नाही. मी समजूत घालायला गेलो नाही,
मला ते जमत नाही.
मी हरिपूरच्या पेवांचं सांगितलं.
माझे वडील पेवात उतरायचे, हळद काढायला,
तीस फूट खाली, तोंड एवढंसं.
उघडल्या उघडल्या कुणी उतरत नसे.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर खाली हवा वाईट आहे.
मग झाकण तसंच ठेवून घरी जायचं,
उद्या पुन्हा कंदील.
कंदील विझला म्हणून
आतली हळद वाईट, असं कुणी म्हटलं नाही.

ती म्हणाली, आप्पा, पेवं तर पुरात गेली की.
गेली, मी म्हणालो. बरीचशी.
मग दोघंही गप्प बसलो.
थोड्या वेळानं तिनं एकोणीसच्या पुढं तारीख घातली
आणि टक्केवारीचं प्रकरण पहिल्या पानापासून काढलं.

इंदूरला काय खर्च येतो
हे मी तिला विचारलं नाही, यार्डात एकाला विचारलं,
त्याचा पुतण्या आहे तिकडं.
आकडा ऐकून मी चहा तसाच ठेवला.
दुपारी सौदे संपल्यावर
वजनपावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला रेघा मारल्या
आणि मीही मागं मागं मोजत आलो :
भिशी, विम्याचा हप्ता, दिवाळीचा बोनस,
मालकांकडं शब्द टाकायचा महिना.

दोन ऑगस्ट मोकळे सोडलेत.
कागद गल्ल्याखाली आहे.
तिला अजून दाखवलेला नाही.