डोकं कोरलेला दगड

व्हिटबीच्या संग्रहालयात मंगळवारी गर्दी नसते.
मी हातमोजे घालून दगड फोनसमोर धरते:
वेटोळं, टोकाला सापाचं डोकं.

लिहिते: हा साप नव्हे.
साध्वीच्या शापाने दगड झालेला तर नव्हेच.
समुद्रातला जीव, माणसाच्या कितीतरी आधीचा.
डोकं मागाहून कोरलंय, विकायला.
फोटो मोठा करून छिन्नीचे घाव पाहा.

संध्याकाळपर्यंत नऊ हजार जणांनी पाहिलं.
तिकिटांवरची डोरीन म्हणाली,
"आमच्या पणज्याने कोरली असतील दोनचार.
हात चांगला होता म्हणे."

रात्री आईचा फोन.
"पाहिलं गं. आपल्या शाळिग्रामातल्या चक्रासारखंच."
हो, त्याच जातीचा जीव.
ती जरा वेळ गप्प.
"तरी उद्या तुळस वाहणारच मी."

वाह की, म्हटलं.
फक्त त्याला डोकं कोरू नकोस.